फान मेस्त्रींनी काढून टाकलेला प्रश्न

फान मेस्त्रींना कुणाला काही विचारायचं म्हटलं की घाम फुटायचा. आमच्या लोंगकेंग गावात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्यावरून त्यांची टर उडवायचे. बहिणीच्या दुकानात जेवायला बसले की ती पुढे ठेवील ते मुकाट्याने खायचे. तांदळाच्या रुंद शेवया अळणी असल्या तरी मीठ मागायचे नाहीत. एकदा शिन्चू शहरात बस कुठून सुटते ते कुणाला विचारावं लागू नये म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत पायी गेले, आणि बस त्यांच्या डोळ्यांदेखत मागच्या चौकातून वळून गेली.

लग्नाचंही तेच झालं. तोफेन गावची एक मुलगी मध्यस्थाने आणली होती. दोघांनी देवळापर्यंत फिरून यावं आणि परत येताना मेस्त्रींनी तिला 'माझ्याशी लग्न करशील का' एवढंच विचारावं, असं घरच्यांनी पढवून पाठवलं होतं. मेस्त्री जाताना रेडिओच्या कॉइलबद्दल बोलले आणि येताना टीव्हीच्या अँटेनाबद्दल. ती मुलगी पुढे एका दंतवैद्याच्या घरी पडली. "बरं झालं," मेस्त्रींची बहीण म्हणायची, "याच्या घरात ती मुकी होऊन मेली असती."

पण हातात कसब होतं. चुतुंगच्या एका रेडिओवाल्याकडे सात वर्षं काढून आले होते. गावातला बिघडलेला पंखा, भात शिजवायचं भांडं, देवळातला कर्णा, सगळं त्यांच्याकडे जायचं. घरोघरी कॉम्प्युटर आले तेव्हा तेही त्यांच्याकडेच जायला लागले. शाळेनेही त्यांना वर्षाच्या कराराने बांधून घेतलं होतं.

शाळेतलं सामान, चाव्या, दिवे, झाडू आणि दुरुस्त्या हे माझं खातं. मी चुंग. मुलं मला पाठीमागे 'चावीवाली' म्हणायची आणि समोर 'चुंगबाई'. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि माझ्याइतकं घाईचं माणूस त्या डोंगरात दुसरं नव्हतं. काम लवकर झालं की ते चांगलं झालं, अशी माझी समजूत होती.

मेस्त्रींनी गावाला एक गोष्ट पक्की शिकवून ठेवली होती. कॉम्प्युटरच्या डिस्कला दोन कप्पे पाडायचे. C कप्प्यात यंत्राचं स्वतःचं काय ते, आणि आपलं जे काही जपायचं ते D कप्प्यात. व्हायरस शिरला, यंत्र अडकलं, की मेस्त्री येऊन C पुसून नव्याने भरणार. D ला हात लावत नाहीत. लग्नाचे फोटो D मध्ये, चहाच्या बागेचे हिशेब D मध्ये, कुणाच्या नवऱ्याने बायकोपासून लपवलेलं जे असेल तेही D मध्ये. "D मध्ये ठेवा, निर्धास्त झोपा," एवढं एक वाक्य मेस्त्री न लाजता बोलायचे.

कूबाईंनाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

कू फोंग-च्याव या आमच्या संगीताच्या बाई. आवाज गोड, जीभ तिखट. दर जूनमध्ये सहावीची मुलं शाळा सोडून डोंगराखालच्या शाळेत जायची, त्याआधी त्या एकेकाला संगीताच्या वर्गात एकट्याला बोलवायच्या, दार लावायच्या आणि मायक्रोफोन पुढे सरकवायच्या. "वीस वर्षांच्या झालेल्या तुला तू आज काय सांगशील?" मूल जे बोलेल ते जपून ठेवायचं आणि ते वीस वर्षांचं झालं की त्याला ऐकवायचं. हा त्यांचा शब्द होता. पूर्वी हे कॅसेटवर चालायचं. मेस्त्रींनी मायक्रोफोन थेट कॉम्प्युटरला जोडून दिल्यापासून सगळे आवाज D मध्ये जाऊ लागले.

आम्ही हक्का लोक पूर्वजांच्या कबरी चांद्र नवीन वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेचा कंदिलांचा सण उलटला की लगेच साफ करतो, बाकीच्यांसारखं एप्रिलपर्यंत थांबत नाही. सणानंतरच्या रविवारी तायपेपासून काओशुंगपर्यंत पांगलेली सगळी पोरं डोंगरावर येतात. कबरीवरचं गवत काढून झालं की त्या वर्षीची विशीतली मुलं चिखलाच्या बुटांनी शाळेत यायची आणि कूबाई त्यांना त्यांचे आवाज ऐकवायच्या. एकजण बारा वर्षांचा असताना म्हणाला होता, "मी बस चालवणार आणि शाळेपाशी थांबवणारच नाही." तो खरोखर बस चालवायला लागला होता. त्या दिवशी आम्ही इतके हसलो की त्याच्या आजीची कवळी निसटली.

आता २०१० सालच्या जानेवारीतलं सांगते.

शहरातल्या एका बँकेने तीस जुने कॉम्प्युटर शाळेला दिले होते. त्यात त्यांचा सगळा कचरा तसाच होता. शिवाय वरून हुकूम होता की आता शाळांनी फुकट मिळणारी नवी प्रणाली भरायची. मेस्त्रींनी ती भरायची सीडी तयार केली आणि मला म्हणाले, "शिक्षकांनीच एकेक लावून टाकावी. मी आहेच."

तीन दिवसांत शिक्षकांनी मला सळो की पळो केलं. निळ्या पडद्यावर करडी चौकट यायची आणि काहीतरी विचारायची. भाषा कोणती, कळफलक कुठला, यंत्राचं नाव काय, डिस्क कशी वाटायची, सगळी घ्यायची की रिकामी जागा तेवढीच. चौथीच्या बाई तर चौकटीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या होत्या.

"मेस्त्री, हे यंत्र आहे की सासू?" मी म्हटलं. "किती विचारतं!"

मेस्त्री हसले. हा विषय त्यांच्या आवडीचा होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला समजावून सांगितलं. त्या सीडीत प्रत्येक प्रश्नाला एक पातळी असते. किरकोळ, मध्यम, महत्त्वाचा आणि अटळ. आपण तिला सांगायचं की अमुक पातळीच्या खालचं काही विचारू नकोस, तुझं तूच ठरव. पातळी खाली ठेवली तर डिस्कच्या बाबतीत ती जीव खाते. कप्पे किती, केवढे, कुठला कशासाठी. पातळी वर नेली की हे सगळं ती आपल्या मनाने करते आणि माणसाला फक्त मोठं तेवढंच विचारते.

"मग न्या ना वर! शेवटच्या पायरीपर्यंत न्या."

"अटळवर नेतो," ते म्हणाले. "डिस्क सगळी घे, हे उत्तर आधीच देऊन ठेवतो. बँकेचा कचरा तसाही पुसायचाच आहे."

हे त्यांना इतकं आवडलं की मला गंमत वाटली. प्रश्न न विचारणारं यंत्र! जणू त्यांना जुळा भाऊच सापडला होता.

दुसऱ्या दिवशी नवी सीडी आली. आता ती गप्प चालायची, पण एका ठिकाणी थांबायची. डिस्कवर लिहिण्याच्या आधी एकच चौकट यायची. यावरचं सगळं जाईल, लिहू का? खाली दोन उत्तरं, हो आणि नाही, आणि निवडलेलं असायचं ते 'नाही'. शिक्षक काय करणार? न वाचता बटण दाबायचे. यंत्र म्हणायचं, बरं, नाही तर नाही, आणि मागे जाऊन बसायचं. की पुन्हा माझ्या नावाने हाका सुरू.

मी तरातरा मेस्त्रींकडे गेले. ते जिन्याखालच्या खोलीत एका रेडिओच्या तारांना डाग देत बसले होते.

"हा एक कशाला शिल्लक ठेवलात?"

"तो अटळ आहे, चुंगबाई. तो आपोआप जात नाही. त्याचं उत्तर मुद्दाम लिहून ठेवावं लागतं."

"मग ठेवा लिहून!"

त्यांनी डाग द्यायचं हत्यार खाली ठेवलं. "तो राहू द्यावा असं मला वाटतं."

"का?"

 ते कानाची पाळी चोळत राहिले. मी म्हटलं, "मेस्त्री, नवीन वर्षाची झाडलोट परवा आहे. तीसच्या तीस यंत्रं त्या दिवशी उरकायची आहेत आणि त्यांच्याबरोबर शिक्षकांच्या वर्गातलीही घ्यायची आहेत. तुम्हाला प्रश्न विचारायला आवडत नाही आणि मला उत्तरं द्यायला वेळ नाही. काढा तो."

"बरं," ते म्हणाले.

त्या 'बरं'ला किती वेळ लागला ते मला आज आठवतं. तेव्हा मी दाराकडे वळलेसुद्धा होते.

आमचं नवीन वर्ष त्या साली फेब्रुवारीत होतं, आणि त्याआधीची झाडलोट म्हणजे आमच्याकडे घर उलटंपालटं करायचं. शाळेतही त्या दिवशी पंख्यांची पाती निघतात, पडदे धुतले जातात, जुनं ते सगळं दाराबाहेर. सुट्टी लागलेली होती. कूबाई लेकीकडे गेल्या होत्या. सकाळी त्यांचा फोन आला.

"चुंगबाई, माझंही यंत्र करणार म्हणे?"

"तुमचं तर करायलाच हवं. ते सुरू व्हायला इतका वेळ घेतं की तोवर भात होतो."

"करा बापडे. माझं सगळं D मध्ये आहे, तेवढं मेस्त्रींच्या कानावर घाला."

"अहो, D ला कधी काय होतंय?" मी म्हटलं. "गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे ते."

कूबाई हसल्या. मी फोन ठेवला आणि पडदे मोजायला गेले. मेस्त्रींच्या कानावर काही घातलं नाही. त्यांनीच तर सगळ्यांना D शिकवला होता, त्यांना मी काय सांगायचं!

मेस्त्रींनी एका हातात सीड्यांची चळत घेतली आणि माझ्या यादीप्रमाणे खोल्या फिरले. सीडी घालायची, बटण दाबायचं, पुढच्या खोलीत जायचं. आत थांबायचं कारणच उरलं नव्हतं. संगीताचा वर्ग यादीत अठ्ठाविसावा होता. ते रात्रंदिवस C आणि D करणारे मेस्त्री, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात बँकेची यंत्रं होती आणि हातात बँकेच्या यंत्रांसाठी बनवलेली सीडी. पाच वाजता त्यांनी चाव्यांचा जुडगा मला परत केला आणि म्हणाले, "सगळी झाली." चेहरा असा खुलला होता की मी त्यांच्या हातावर दोन संत्री ठेवली.

सोमवारी कूबाई आल्या. अर्ध्या तासाने त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"D कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याबरोबर गेले. पडद्यावर नवी, स्वच्छ, निळी चित्रं होती. यंत्राच्या डोक्यावर त्यांनी ठेवलेलं हिरवं पाकीट होतं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे नारळाच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट त्यावर ठेवतात, आणि त्याची तारीख उलटू द्यायची नसते. मेस्त्री धावत आले. त्यांनी दोन-तीन कळा दाबल्या आणि मग हात मांडीवर ठेवले.

"एकच कप्पा आहे," ते म्हणाले.

"आणि मुलं?" कूबाईंनी विचारलं.

आठ वर्षांत शाळा सोडून गेलेल्या मुलांचे ब्याऐंशी आवाज होते त्यात. सहा आठवड्यांनी कबरींचा रविवार येणार होता आणि अकराजण विशीचे होणार होते. शिवाय कूबाई त्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायच्या होत्या.

कूबाई रडल्या नाहीत. मेस्त्रींकडे बघून म्हणाल्या, "पुसण्याआधी एक शब्द विचारायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

गावाने चेष्टेने हजारदा म्हटलेलं तेच वाक्य होतं. मेस्त्रींनी मान खाली घातली. मी तिथेच होते. माझ्या हातात जुडगा होता आणि तो वाजू नये म्हणून मी घट्ट धरला होता.

त्या गुरुवारी मुख्याध्यापक लाय सरांच्या खोलीत बैठक झाली. वरून, शिक्षण खात्यातून, दोन माणसं आली होती, चहा झाला, कुणीतरी हिरव्या पाकिटाची तारीख संपली होती असं म्हणालं आणि कुणी हसलं नाही. बैठकीचं टिपण नेहमी मीच लिहायची. मी वही उघडून बसले.

"त्या यंत्रात काही जपून ठेवलेलं आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" वरून आलेल्यांपैकी चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही," मेस्त्री म्हणाले. ते खरंच होतं. मी लिहिलं, 'नाही'.

"अशा सीडीत पुसण्याआधी विचारतात ना?"

"विचारतात. एक प्रश्न असतो."

"मग तो का आला नाही?"

"मी काढला होता."

"काढायला कुणी सांगितलं?"

 मेस्त्रींनी चहाचा पेला उचलला, त्यात बघितलं, पुन्हा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर कुणीतरी धुतलेले पडदे काढत होतं, त्यांच्या कड्यांचा आवाज येत होता. मी लेखणी कागदावर टेकवून वाट बघत होते. मी काय सांगावं याची नव्हे, ते काय सांगतील याची. मला लाज वाटते हे लिहिताना.

"कुणी नाही," ते म्हणाले. "माझं मीच."

मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पुढचे सहा आठवडे मेस्त्री त्या डिस्कला चिकटून बसले. पुसलेलं वर काढायचे काही मार्ग असतात, पण वर नवी प्रणाली लिहिली गेली की खालचं चिंध्या होऊन उरतं. नवीन वर्षाच्या दिवशीही ते देवळात आले नाहीत. त्यांची बहीण पानकोबीचं लोणचं द्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "चुंगताई, तुम्ही तरी सांगा त्याला. जेवण पुढे ठेवलं तर तेही दिसत नाही." मी सांगते म्हटलं आणि गेले नाही.

कबरींच्या रविवारी अकराही मुलं आली. चिखलाचे बूट, हातात देवापुढच्या कोंबडीचे तुकडे, मोठमोठ्याने हसत. कूबाईंनी त्यांना काय झालं ते सांगितलं. मुलं म्हणाली "जाऊ द्या हो, बाई," वगैरे. विशीत कुणाला कशाचं काय असतं! मग मागच्या बाकावर बसलेले मेस्त्री उठले आणि आवाज वाजवणारं एक छोटं यंत्र पुढे आणून ठेवलं. त्यांना फायलींची फक्त तोंडं सापडली होती. प्रत्येक फायलीचे सुरुवातीचे आठ-दहा सेकंद.

त्यांनी कळ दाबली. कूबाईंचा आठ वर्षांपूर्वीचा आवाज आला. "ल्यो चिन-शेंग. बोल हं. घाबरू नकोस, मी कुणाला सांगणार नाही. काय सांगायचंय तुला?" आणि खट्. पुढे काही नाही.

वर्गातलं हसणं थांबलं.

अकरा वेळा तो आवाज आला, अकरा नावं, आणि प्रत्येकदा तिथेच तुटला. प्रत्येक वेळी कूबाई उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि आठवून सांगायच्या. "चिन-शेंग, तू म्हणालास की वडिलांशी भांडायचं नाही. आणि नाक शिंकरलंस." "तू म्हणालीस, उंच टाचांचे बूट घेणार." दहाजणांचं त्यांना आठवलं. नववी होती ती ये शू-हुई. सकाळच्या पहिल्या बसने आली होती, काओशुंगला परिचारिका व्हायला शिकत होती. तिचं नाव यंत्रातून आलं, प्रश्न आला, खट् झालं. कूबाई उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या.

"मी काय म्हणाले होते, बाई?" शू-हुईने विचारलं.

"अगं..." कूबाई म्हणाल्या. "तू निळा स्वेटर घातला होतास."

"हो, आईचा. पण म्हणाले काय?"

 कूबाई खाली बसल्या आणि पदर नव्हता म्हणून बाहीने तोंड झाकून रडल्या. शू-हुई त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. "असू दे बाई, काहीतरी वेडपटच असणार," ती म्हणत होती, पण तिचं लक्ष यंत्राकडे होतं.

कूबाई मेस्त्रींशी त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. शाळेने मेस्त्रींचा करार पुढे चालवला नाही. त्याचा कागदही मीच टाइप केला. जायच्या दिवशी त्यांनी जिन्याखालची खोली झाडून दिली आणि माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. वर लिहिलं होतं, 'लोंगकेंग, नवी सीडी'. मी ते खणात सारलं. मला ते बघवत नव्हतं.

त्यानंतर मेस्त्री बहिणीच्या दुकानात भांडी विसळायचे आणि कुणी आणलाच तर पंखा दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर घेऊन त्यांच्याकडे कुणी जाईना. गाव असंच असतं. कूबाईंचं घर दुकानाच्या समोरच होतं. त्या शेवया खायला वाकडी वाट करून खालच्या बाजारात जायच्या. सहा वर्षं त्यांनी असंच केलं. मग एका हिवाळ्यात छातीत दुखून वारल्या. मेस्त्री अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे, पंधरा पावलांवर चालत होते. मी पुढे होते.

दोन वर्षांपूर्वी शाळा बंद झाली. एकोणीस मुलं उरली होती, ती खालच्या शाळेत घातली. मी निवृत्त होणारच होते, शेवटच्या आठवड्यात खण रिकामे करायला बसले. यंत्रं गावातल्या लोकांना वाटायची होती आणि ती आधी पुसायला हवी होती. खणात ते पाकीट सापडलं.

म्हटलं, चला, मेस्त्रींची सीडी आहे, गप्प चालेल. संगीताच्या वर्गातल्या यंत्रात घातली. आता ते दुसरं यंत्र होतं, कुणी कुणी वापरलेलं. निळा पडदा आला. भाषा विचारली नाही, कळफलक विचारला नाही, नाव विचारलं नाही. मी खुर्चीत टेकले. तेवढ्यात ती थांबली. मधोमध करडी चौकट आली. ती वाक्यं सीडीबरोबर येणारी नव्हती, मेस्त्रींनी स्वतः लिहिलेली होती.

'या डिस्कवर दुसरा कप्पा सापडला आहे. त्यात कुणाचं काहीतरी असेल. त्या माणसाला तुम्ही स्वतः विचारलंत का?'

खाली हो आणि नाही. निवडलेलं होतं 'नाही'.

 मी यंत्र तसंच चालू ठेवून उठले आणि उतरणीने दुकानात गेले. दुपारची गर्दी ओसरली होती. मेस्त्री मागच्या अंगणात मुळ्याच्या फोडी उन्हात पसरत होते. केस पांढरे झाले होते.

"मेस्त्री," मी म्हटलं, "तो प्रश्न मी काढायला लावला होता. कूबाईंचा निरोपही मीच तुम्हाला दिला नाही. त्या दिवशी बैठकीत मी बोलायला हवं होतं."

त्यांनी एक फोड उलटी केली. मग दुसरी.

"निरोपाचं ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "बैठकीत मी जरा थांबलो होतो. तुम्ही सांगाल म्हणून."

 मी पाटावर बसले. "तुम्ही कूबाईंना तरी खरं का सांगितलं नाहीत? समोर राहायच्या त्या."

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

आत बहीण भांडी आपटत होती. मेस्त्रींनी हात पुसले, आत गेले आणि ते छोटं यंत्र घेऊन आले. कडा पिवळ्या पडल्या होत्या. वर हिरवं पाकीट होतं, ताजं.

"ऐकणार का?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत फान मेस्त्रींनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी हो म्हणून मान हलवली.

कूबाईंचा आवाज अंगणात आला, गोड आणि जवळचा. "ल्यो चिन-शेंग. बोल हं. घाबरू नकोस, मी कुणाला सांगणार नाही. काय सांगायचंय तुला?" खट्. मग दुसरं नाव. मग तिसरं. मेस्त्री मुळ्याच्या फोडी पसरत राहिले. नववं नाव आलं, ये शू-हुई, आणि बाईंनी पुन्हा तेच विचारलं.

"कूबाई, ते माझ्यामुळे गेलं," मी म्हटलं.

यंत्रातून दहावं नाव आलं.